भूक इचारली म्हनून

माझा जल्म कुटला म्हनाल तर त्येचा घोळच हाय. आमी मूळचं वडूजच्या पल्याडचं, धनगर, दिवाळी झाली की मेंढरं घिऊन पान्याच्या मुलखाला उतरायचं आन् पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, त्या फिरस्तीतच मी झाले. आई म्हनायची तू वाईच्या अलीकडं झालीस, बाप म्हनायचा छ्या, वाई सोडून दोन मुक्काम झालं हुतं, दोघांचं त्यावरनं शेवटपतोर भांडान. शाळंत नाव घालताना मास्तरांनी इचारलं जन्मगाव काय, तर बाप म्हनला वाटंत. मास्तर म्हनला वाटंत नावाचं गाव न्हाई, मी वडूज लिवतो. तर कागदावर मी वडूजची. नाव हिराबाई, पन आता सगळी आक्का म्हनत्यात, कारभारी सुदीक आक्काच म्हनत्यात, लोकांत ऱ्हाऊन त्यास्नीबी सवय लागली.

आमच्या आईची एक रीत हुती, ती आदी सांगते, मग पुढचं तुमाला कळंल. मेंढरामागं गेल्याली मानसं तळावर आली की ती चुलीम्होरं बसून इचारायची, आज कुटवर गेल्तासा? कुनी म्हनायचं वड्यापतोर, कुनी म्हनायचं पार डोंगराच्या सोंडंला जाऊन आलो. तेवढं ऐकून ती भाकरी थापायला घ्यायची. किती खानार असं तिनं कवा इचारलं न्हाई. आमच्यात जेवनाऱ्याची भाकरी मोजत न्हाईत, मोजल्याली भाकरी अंगाला लागत न्हाई. चाललेलं इचारायचं, काम इचारायचं, भूक आपन वळखायची. मला लिवाय-वाचाय जेमतेम येतं, पन ह्ये येतं.

लगीन करून सांगलीला आले. कारभारी मार्केट यार्डात हमाली करायचं, हळदीची पोती. घाम पुसला की टावेल पिवळा, कपडं पिवळं, काना-नाकात हळद, लगीन झाल्यावर वरीसभर मला वाटायचं ह्यो नवरा अजून हळदीतनं उठलाच न्हाई. मग त्येंच्या संगतीच्या हमालांसाठी दोन-चार भाकरी जास्तीच्या करायला लागले, त्याची झाली खानावळ. यार्डाच्या मागल्या अंगाला, पत्र्याची, चार बाकडी. आक्काची खानावळ म्हनून पाटी बाळू हमालानं रंगवून दिली, क वाकडा हाय पन वाचता येतो. पुढं कारभाऱ्यांची पाठ गेली, तवापासनं ते खानावळीत बसून लसूण सोलत्यात आन् येनाऱ्या-जानाऱ्याला सल्ला देत्यात. दोघी बायका हायती थापायला. मी वाढायला. मानूस दारातनं आत येतानाच त्येची चाल बगते, पोती उचलून आलाय का नुसता हिशेब लिवून आलाय ते कळतं, तरीबी तोंडानं इचारते, आज काय काम केलं गड्या? त्यो सांगतो. मी वाढते. इतकं सोपं हुतं बगा सगळं.

मग यार्डात हमाल कमी झालं. आन् एक दिवस त्यो रोहित आला. टाय लावल्याला, घाम पुसत, मोबाईलवरनं जेवान घरपोच करनारी कंपनी हाय तिचा मानूस. म्हनला आक्का, तुमच्या हातची आमटी सगळ्या सांगलीला पोचवतो, विश्रामबागेला, मिरजंला. कारभारी म्हनलं, आमटी मिरजंला जाईपतोर निवंल की. तर म्हनला त्याची जबाबदारी आमची. जबाबदारी ह्यो शब्द त्येनं लय वापरला त्या दिवशी, म्हनून मला ध्यानात हाय.

त्येनं मोबाईलवर भरायला घेतलं. नाव, परवाना, फोटो. परवाना माझा रीतसर हाय, भितीला लावल्याला. मग म्हनला एका ताटात भाकरी किती? म्हनलं पोटाला लागतील तेवढ्या. तसं नाही आक्का, आकडा लागतो. म्हनलं आकडा कसा सांगू, जेवनारा कोन हाय ते कुटं ठावं हाय? तर म्हनला रकाना रिकामा ठेवला की पुढं जात नाही. आमचं अर्धा तास त्यावर चाललं. शेवटी कारभारी लसणातनं मान वर करून म्हनलं, टाक तीन, मोबाईल काय खानार हाय का त्या? तर तीन टाकलं.

पयल्या दिवशी पाच-सहा ऑर्डरी आल्या. मी डब्यात तीन-तीन घातल्या आन् कंपनीचा बॅगवाला पोरगा घिऊन गेला. दिवसभर माझं मन लागंना. कुनाला कमी झालं आसंल, कुनाची उरली आसंल, तीन काय, देवाला निवद हाय व्हय? दुसऱ्या दिवशी अंदाजानं घातल्या, कुनाला पाच, कुनाला दोन. तर एकानं खाली लिवलं, तीन मागवल्या, पाच आल्या, अन्न वाया गेलं, आन् पाचातली एकच चांदणी दिली. बाळूनं वाचून दाखीवलं. जास्ती दिलं म्हनून नावं ठेवनारा मानूस मी जल्मात पयल्यांदा ऐकला.

आन् मग मला ते बटान दिसलं. ऑर्डर आली की खाली फोनचं चित्र यायचं. बाळूला इचारलं ह्ये काय, तर म्हनला गिऱ्हाईकाला फोन करायचा आसंल तर. झालं. मी म्हनलं ह्ये बरं केलं ह्यांनी, ह्यास्नी बी कळतंय की इचारल्याबिगर वाढता येत न्हाई. तर ऑर्डर आली की मी फोन लावायची. कोन बोलतंय, आज काय काम केलं, घरात किती मानसं जेवनार. कुनी हसायचं, कुनी चिडायचं, एक पेन्शनीतला मास्तर हुता, त्येनं सगळं सांगितलं, बायको गेल्याली, ल्योक पुन्याला, गुडघं दुकत्यात. मग त्यो रोज ऑर्डर करायचा आन् रोज फोनची वाट बगायचा, एकदा इसरले तर त्येनंच बॅगवाल्याकडनं निरोप धाडला की आज इचारलं न्हाई. मलाच कटाळा आला. पन चांदण्या वाढल्या. कारभारी म्हनायचं, तू आता भाकरी कमी आन् चौकशी जास्त इकायला लागलीस.

असं महिना-दीड महिना चाललं. मग एक दिवस ऑर्डरी यायच्या थांबल्या. सकाळी न्हाई, दुपारी न्हाई. बाळू जेवायला आला तवा त्येनं मोबाईल उघडून बगितला. म्हनलं वाच. तर तितं लिवल्यालं, सुरक्षिततेच्या कारणास्तव हे ठिकाण तात्पुरते बंद आहे. वर माझ्या खानावळीचं नाव, माझा फोटो, वाकडा क, आन् खाली ही वळ.

तुमी शिकल्यालं हायसा, तुमाला ह्या वळीत काय दिसतं? यार्डातल्या लोकास्नी एकच दिसलं, आक्काच्या जेवनात काय तरी घावलं. पयल्यांदा म्हनलं केस घावला, मग झुरळ झालं, आठवड्यात पाल झाली. आन् पाल कुटल्या आमटीत पडली, कुनाला ओकाऱ्या झाल्या, कुटल्या दवाखान्यात नेलं, सगळं लोकांनी जाग्यावर बसून ठरीवलं. अडतीच्या दुकानातलं कारकून रोज यायचं ते दुसरीकडं जायला लागलं. तोंडावर कुनी बोललं न्हाई, म्हनायचं आक्का डॉक्टरनं बाहेरचं बंद सांगितलंय. इतक्या लोकास्नी एकाच आठवड्यात डॉक्टरनं सांगितलं. हमाल तेवढं येत ऱ्हायलं, तेबी आमटी चमच्यानं खालीवर करून बगायला लागलं. मला कवा वाटलं न्हवतं की माझ्यासमोर बसून कुनी माझी आमटी ढवळून बगंल. मोबाईलवरची ऑर्डर गेली तर जाऊंद्या, ती काल आल्ती, मला ती वळ तेवढी पुसून पायजे हुती.

तर ती पुसनार कोन, ह्येच मला अजून कळलं न्हाई.

रोहितला फोन लावला. त्यो म्हनला आक्का, मी ती कंपनी सोडली, आता सौर ऊर्जेत आहे, तुमच्या पत्र्यावर चांगलं ऊन पडतं. म्हनलं माझी जबाबदारी तू घेतलीस न्हवं? तर म्हनला ती कंपनीनं घेतली होती, मी नुसता सांगायला होतो. मग म्हनला सोपं आहे, नाव बदला, कारभाऱ्यांच्या नावानं नवीन परवाना काढा, नवी पाटी, नवीन खातं उघडा, सगळेच करतात. मी लय इचार केला त्यावर. पन पाटी बदलली की लोक म्हनतील, बगा, पाल खरीच हुती.

मग कंपनीचा नंबर. तितं बाई बोलायची, हिंदीतनं, मराठीसाठी दोन दाबा, दोन दाबलं की परत हिंदी. बाळू म्हनला लिवून इचारू. लिवलं की लगीच उत्तर, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. नाव एकदा नेहा, एकदा अमित, एकदा पुन्हा नेहा. मी बाळूला म्हनलं इचार तिला, जेवलीस का? त्येनं लिवलं. उत्तर आलं, क्षमा करा, मला समजलं नाही, कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा. बाळू म्हनला आक्का, ही बाई न्हाई, यंत्र हाय. मग मला तिच्याबद्दल जरा कमी राग आला.

तर मी म्हनलं चला, सरकारकडं जाऊ, कागूद हाय आपल्याकडं. अन्न परवान्याच्या सायबाकडं गेले, म्हनलं सायेब, माझी खानावळ तपासा. त्येस्नी नवल वाटलं, म्हनले आजवर तपासू नका म्हनून लोक आले, तपासा म्हनून पयल्यांदाच कोन आलं. आले, चूल बगितली, पानी बगितलं, तेल हुंगलं, बायकांची डोकी झाकल्याली हायती का बगितलं, आन् चांगलं हाय म्हनून लिवून दिलं, शिक्का मारून. म्हनलं आता ती वळ काढा. तर म्हनले, बाई, चूल माझ्याकडं येते, मोबाईल माझ्याकडं येत नाही. चांगला मानूस हुता, जाताना दोन भाकरी खाऊन गेला, पैसे देऊन.

त्यो कागूद आमी कंपनीला धाडला. उत्तर आलं आन् ह्या टायमाला जरा येगळं आलं. तुमचे कागदपत्र मिळाले, परंतु आमचा निर्णय अन्नाच्या दर्जाशी संबंधित नाही. मी बाळूला चार बार वाचायला लावलं. म्हनलं बग, हेच तर पायजे, हेच लिवा की तितं, अन्नाशी संबंध न्हाई म्हनून. बाळूनं तसं कळीवलं. तर उत्तर, गोपनीयतेच्या धोरणामुळं कारण जाहीर करता येत नाही. म्हंजे काय तर, जेवान चांगलं हाय हे त्यास्नी ठावं, मला ठावं, सायबाला ठावं, आन् ज्या लोकास्नी सांगायला पायजे त्यास्नी तेवढं सांगायचं न्हाई. का, तर कुनाचं तरी गुपित हाय. कुनाचं, तेबी गुपित. माझं डोकं त्या दिवशी भनभन करायला लागलं ते अजून थांबलं न्हाई.

ग्राहकांच्या कचेरीत गेले. तितली बाई म्हनली तुम्ही ग्राहक आहात का? म्हनलं न्हाई, मी वाढते. मग म्हनली ग्राहकानं तुमच्यावर तक्रार केली असती तर आमच्याकडं आली असती, तुम्ही इथं समोरच्या बाजूला बसला असता. म्हनलं बसते समोर, मला चालंल. ती हसली, म्हनली तसं होत नाही. पोलीस ठान्यात गेले, हवालदार म्हनला काय गेलं? म्हनलं नाव गेलं. कुनी नेलं? म्हनलं मोबाईलनं. त्येनं पेन खाली ठेवलं. एक कामगारांचा सायेब हुता, त्येनं इचारलं तुम्ही त्यांच्याकडं कामाला आहात का? म्हनलं न्हाई. मग ते तुमच्याकडं कामाला आहेत का? म्हनलं न्हाई बा. मग काय आहात? बाळूनं मोबाईलवर बगून सांगितलं, भागीदार. तर सायेब म्हनले वा, मग तुम्ही मालकच झाला, तुमची तक्रार तुम्हीच सोडवा. कारभारी घरी आल्यावर म्हनलं, एवढ्या मोट्या कंपनीची मालकीन झालीस आन् लसूण अजून मलाच सोलाय लावतीस.

त्यातच साताऱ्यावरनं फोन आला की तुमचा सत्कार हाय. कुठली तरी संस्था, महिला डिजिटल उद्योजिका म्हनून यादी केल्याली, रोहितनं मागं कवा नाव दिल्यालं. म्हनलं माझं तर बंद हाय. तर म्हनले यादी छापून झालीये. मी म्हनलं जाऊ, तितं मोटी मानसं आसतील, कुनाला तरी सांगता ईल. एसटीनं गेले. हाल भरल्याला, मागं भलामोटा कापडी फलक, त्येच्यावर एका गोऱ्या बाईच्या हातात मोबाईल आन् डोक्यावर घागर. आता एक तर घागर धरंल न्हाई तर मोबाईल. मुख्य पावना दीड तास उशिरा आला आन् पाऊन तास बोलला. म्हनला भगिनींनो, आज मोबाईल हीच तुमची चूल आहे. माझ्या शेजारची बाई म्हनली, मग हात का भाजत न्हाई ह्येचा?

शाल दिली, नारळ दिला, काचंची ढाल दिली. माईकवर दोन शब्द बोला म्हनले. मी म्हनलं, सायेब, सत्कार केलासा, उपकार झालं, पन माझी खानावळ त्या मोबाईलवर तीन आठवडं बंद हाय, सुरक्षिततेसाठी म्हनून लिवलंय, जेवान चांगलं असल्याचा सरकारी कागूद माझ्या पिशवीत हाय, तर ती वळ कोन काढनार तेवढं सांगा. पावन्यानं माईक घेतला, म्हनला हा तांत्रिक मुद्दा आहे, पण ताईंनी निर्भीडपणे मांडला, टाळ्या. आन् टाळ्या वाजल्या. कशासाठी वाजल्या ते मला कळलं न्हाई, म्हनून मीबी वाजीवल्या. कार्यक्रम झाल्यावर भेटा म्हनला, कार्यक्रम झाला तवा गाडी गेल्याली.

मग मी ठरीवलं, आता सायेब बास. गुपित कुनाचं हाय ते आपनच काढू. बंद पडायच्या आदल्या दिवशीच्या ऑर्डरी आठवल्या. एक पोरगी हुती, विश्रामबागेतली, फोनवर लय कमी बोलली. मी तिला इचारलं, घरात किती मानसं? ती गप. म्हनलं एकलीच हायस का बाळ? तरी गप. म्हनलं कामावनं कवा आलीस? तिनं फोन ठेवला. तवा मला वाटलं दमली आसंल, म्हनून चार भाकरी घातल्या आन् वर तुपाची वाटी. बॅगवाल्या पोराला इचारलं, त्येला इमारत ध्यानात हुती. कारभाऱ्यांना घिऊन दुपारची गेले. त्यास्नी खाली फाटकापाशी बसीवलं, म्हनलं पुरुष मानूस बगून ती बिचकंल.

वॉचमननं वर फोन केला. पोरगी खाली आली ती जिन्यात अर्ध्यावरच थांबली. मधुरा नाव तिचं, वाईची, मिरजंला दवाखान्यात नोकरी. मी म्हनलं मी खानावळीची आक्का. तर तिचा चेहरा असा झाला बगा, पांढरा फटक. म्हनली तुम्हाला माझा पत्ता कोणी दिला? आन् त्या टायमाला माझ्या डोक्यात उजाडलं. मी माझं गाऱ्हानं सांगायला आल्ते, आन् तिला ज्येची भीती वाटल्याली तेच तिच्या दारात येऊन उभं ऱ्हायलं हुतं, नऊवारी नेसून. मी पायरीवरच बसले. म्हनलं बाळ, मी वर येत न्हाई, तू खाली येऊ नको, तितनंच सांग, तू तक्रार केलीस का?

व्हय म्हनली. मग हळूहळू सांगितलं. मागं कुनी एक पार्सल आननारा तिला महिनाभर फोन करायचा, एकटी असता का म्हनून इचारायचा, तिनं त्यापायी खोली बदलल्याली. आन् नव्या खोलीत महिना झाला न्हाई तवर माझा फोन, एकलीच हायस का. तिनं बटान दाबलं, असुरक्षित वाटलं म्हनून. तिच्या मोबाईलवर तेवढाच रकाना हुता, एका बाईनं भुकंची चौकशी केली असा रकाना न्हवता. मी म्हनलं तुझं बरोबर हाय. तिनं इचारलं मग तुम्ही का विचारलंत? मी आईचं सांगितलं, तळावरचं, कुटवर गेल्तासा ते. ती खाली येऊन माझ्या शेजारी बसली. म्हनली त्या दिवशी मी सकाळपासून उभीच होते, चारही भाकरी खाल्ल्या, आणि मग घाबरून तक्रार केली.

आता तुमीच सांगा ह्यात चूक कुनाची? तिची न्हाई. माझी म्हनाल तर मी जल्मभर जे केलं तेच केलं. बटान देनाऱ्याची म्हनाल तर ते म्हनतील आमी नुसतं बटान दिलं. आन् तसं बगितलं तर त्या बॅगवाल्यानं मला पत्ता सांगितला, ते मातर शंभर टक्के चुकीचं, ती चूक झाली म्हनून तर उलगडा झाला. मी मधुराला म्हनलं त्या पोराची तक्रार करू नको. ती म्हनली करायला पाहिजे खरं तर. केली न्हाई. ते बरं केलं का वाईट, तेबी मला सांगता येत न्हाई.

तिनं तितंच मोबाईल काढून तक्रार मागं घेते म्हनून लिवलं. उत्तर आलं, हे प्रकरण बंद झालेले आहे, पुन्हा उघडता येत नाही. ती इंग्रजीतनं भांडली, तिला इंग्रजी चांगलं येतं, तिलाबी तेच उत्तर, गैरसोय समजू शकतो. ती म्हनली आक्का, मी तक्रार केली तेव्हा पाच मिनिटांत ऐकलं, आता काही झालं नव्हतं म्हणते तर ऐकत नाहीत. कारभारी फाटकापासनं म्हनलं, झालं का तुमचं, हितं ऊन लागतंय.

आन् त्येच्यानंतर, नेमकं किती दिवसांनी ते मला सांगता यायचं न्हाई, एक दिवस दुपारी मोबाईल वाजला. ऑर्डर. मी दचकले. बाळूला बोलावून घेतलं, त्येनं उघडून बगितलं तर ती वळ न्हाई. चालू हाय म्हनून हिरवं लिवल्यालं. कुनाचा फोन न्हाई, कागूद न्हाई, चुकलं म्हनून न्हाई, सुधारलं म्हनून न्हाई. फोनचं बटान तेवढं गेल्यालं. ती वळ जशी आली तशी गेली.

आता आपली रीत काय, काम झालं की तोंड गोड करायचं. साताऱ्याचं कंदी पेढं आनवलं आन् डबा घिऊन निघाले. अन्न परवान्याचं सायेब म्हनले मी काही केलं नाही, बाई, मी कसा घेऊ. ग्राहकांच्या बाईनंबी हात जोडलं. हवालदार म्हनला, कोणतं प्रकरण? मधुरा म्हनली माझ्यामुळं झालं असेल असं मला वाटत नाही, तिनं एक खाल्ला पन माझ्या समाधानासाठी. कंपनीला कुटं द्यायचा, त्येंचं हाफिस सांगलीत हुतं त्या गाळ्यात आता चष्म्याचं दुकान हाय. तेवढ्यात साताऱ्याच्या त्या संस्थेचा मानूस सांगलीत आल्ता, त्येला कुटनं तरी कळलं, त्यो खानावळीत आला, म्हनला पाहुण्यांनी तुमचं प्रकरण मनावर घेतलं होतं, आन् दोन पेढं घेतलं आन् माझ्याबरोबर फोटो काढला. खरंच त्येनं केलं आसंल का? मी न्हाई तरी कसं म्हनू, करनारा दुसरा कुनीबी कबूल होईना. उरल्यालं पेढं हमालांनी खाल्लं.

आता बिरोबाशी भांडायचं झालं तर मी आरेवाडीला जाते, देवळाच्या दारात उभी ऱ्हाते, त्येच्या तोंडावर बोलते. त्यो बोलत न्हाई, पन तितं हाय एवढं तरी ठावं आसतं.

लोक म्हनत्यात आता कायदा येतोय, आलाय, मोबाईलवर काम करनाऱ्यांचं नाव सरकार लिवून घेनार. मधुरानं मला त्येच्याबद्दल वाचून दाखीवलं, मी इचारलं ह्येच्यात मी हाय का, बॅगवाला पोरगा हाय का, तू हायस का? तिनं दोनदा वाचलं, म्हनली बॅगवाला आहे बहुतेक, तुमचं कळत नाही. ती आता ऐतवारी जेवायला येती. एकलीच येती, बाकड्यावर भितीकडंला बसती. कारकूनबी आलं माघारी, सगळं न्हाई, निम्मं-शिम्मं. पालीची गोष्ट यार्डात अजून हाय, फकस्त आता ती दुसऱ्या कुनाच्या तरी खानावळीत पडली म्हनत्यात. मी ऐकते आन् सांगते की बाबांनो, पडली नसंल. कुनी ऐकत न्हाई.

बाकी बरं हाय. देवानं सगळ्यास्नी खायला द्यावं, त्या कंपनीतल्यास्नीबी, मानसं आसतील तर. माझं रोजचं एकच नवीन काम वाढलंय. सकाळी चूल पेटती, पीठ मळून हुतं, दोघी बायका हात धुवून बसत्यात, हमाल बाकड्यावर येऊन टेकत्यात, आन् मी तव्याला हात लावायच्या आदी बाळूला म्हनते, बग रं, आज आपन चालू हाय का? त्यो मोबाईल बगतो. हाय म्हनला की मग मी तवा ठेवते.